भोपाळनं रायपूरचं टक्कल केलं
पाखरं पाळा, पण त्यांची नावं सांभाळून ठेवा. काहून ते सांगतो. भोपाळपासून तुटून रायपूरचं नवं राज्य झालं अन् बाबांची बदली भोपाळहून रायपूरले झाली. त्याच खुशीत त्यांनी फिंच पाखरांची जोडी आणली. मादीचं नाव भोपाळ, नराचं रायपूर. एका पिंजऱ्यात राहून भोपाळनं रायपूरच्या डोक्यावरची पिसं पार उपटून टाकली.

बाबा घाबरले. पाखरंवाल्याले फोन लावून अंगणातूनच ओरडले, "भैया, भोपाल ने रायपुर को गंजा कर दिया!"

भिंतीपलीकडून शेजारचे साहूजी धावत आले. "हव, एकदम सही बोले! इसीलिए तो अलग हुए!"

बाबा म्हणाले, "अलग करके भी देखा. दोनों ने दाना छोड़ दिया."

साहूजीले काही समजेना, म्हणून बाबांनी त्यांना पिंजऱ्यापाशी नेलं. रायपूर स्वतःहून मान झुकवून भोपाळले चिकटून बसला होता, अन् ती त्याचं उरलंसुरलं पीस ओढून राहिली होती.

साहूजींनी वाकून पाहिलं. मग त्यांनी हळूच टोपी काढली. खाली चकचकीत टक्कल.

"हमारी वाली भी भोपाल की है."