हिऱ्याची मागची बाजू

हसा, हसा तुम्ही वहिनी, हसण्यासारखंच आहे — दागिन्यांच्या दुकानात आयुष्य काढलेल्या बाईनं स्वतःचा पहिला हिरा घेतला तो कसा? तर समोरून बघून! लखलखला की भुलले. वर हट्ट काय, तर बावीस कॅरेटमध्येच बसवून द्या, मला हलकं सोनं नको. मालक म्हणाले, बाई, सोनं जितकं शुद्ध तितकं मऊ, हिऱ्याला धरून ठेवणारे हे चार दात वाकतील, अठराचं घ्या. मी ऐकते होय? तीन महिन्यांत हिरा गायब. मला वाटलं, पीठ मळताना पडला — म्हणजे गेला कुणाच्या तरी पोटात. मग काय, तीन दिवस घरात कुणाला फ्लश ओढू दिला नाही मी. चाळणी घेऊन बसले. शी! आमचे हे अजून त्या चाळणीचा विषय निघाला की जेवणावरून उठतात. आणि हिरा? नाहीच मिळाला.

म्हणून सांगते, लेकीसाठी घेताय ना कानातले, मग असे समोरून नका बघू. उलटे धरा. समोरून काय हो, या दिव्यांखाली काचेचा तुकडासुद्धा राणीसारखा मिरवतो. आत शिक्का बघा — सातशे पन्नास, म्हणजे अठरा कॅरेट. दात हिऱ्यावर नीट टेकलेत का? ओढणी फिरवा वरून, धागा अडकला तर ठेवून द्या. कागद मागा, कागदावरचा नंबर हिऱ्याच्या कडेवर असतो तो भिंगातून स्वतः वाचा — लाजायचं कशाला? आणि आकाराला भुलू नका. कापणी चांगली असली तर एवढासा हिराही चमकतो, वाईट असली तर हरभऱ्याएवढा असून मेल्या माशाच्या डोळ्यासारखा दिसतो.

आणि मागचं तोंड मोकळं हवं, म्हणजे घाण काढता येते. तुम्हाला वाटतं हिरा म्हणजे स्वच्छ? अहो, त्याच्यासारखा घाणेरडा दगड नाही! पाणी त्याला चिकटत नाही, पण तेल, क्रीम, साबणाचा लगदा — सगळं ओढून घेतो. मी तिकडं साफसफाईच्या टेबलावर असते ना, मला विचारा. एकेक बाई येते, अत्तराचा घमघमाट, आणि अंगठी उलटी करून सुईनं खरवडली की निघतं काय? कातडीचा चुरा, पावडर, केस — आणखी काय काय, सांगत नाही, तुम्ही अजून जेवायच्या असाल. मला तर दुपारचा डबा उघडवत नाही.

द्या ती पुडी इकडं. बदल्यात द्यायची म्हणजे वजन होणार, आणि वजनाआधी साफ करावी लागते. हं — आईची अंगठी. नाही, मी कुठं काय म्हणाले? दोन वर्षांपूर्वी तिनं आपणहून तुम्हाला दिली, तुम्ही म्हणता, दादा म्हणतो, म्हणजे दिलीच असेल. मला हवी होती असं नाही — म्हणजे हवी होती, पण मी कधी तोंड उघडलं? नाही उघडलं. थांबा हां, भिंग लावते...

वहिनी, हे काय आहे? सुईच्या टोकावर बघा. हिरवट, मऊ. वास घ्या — मागं काय सरकताय, घ्या! मलम आहे. आईच्या गुडघ्याचं मलम. तुमच्या बोटात ही मला कधी दिसली नाही, म्हणजे कपाटातच असणार; आणि दोन वर्षं कपाटात पडलेल्या अंगठीतला मळ दगड होतो हो, मी रोज फोडते तो. हा ताजा आहे, आठवड्याचासुद्धा नाही. म्हणजे परवापरवापर्यंत अंगठी तिच्याच बोटात होती! बिचारी आपले गुडघे आपण चोळत बसली असेल, आणि तुम्ही — काय केलंत, साबण लावून ओढलीत? जिवंत आहे ती अजून! मी येत नाही म्हणून मला कळत नाही असं समजू नका. शेवटची आले तेव्हा — अंगात स्वेटर होता माझ्या, म्हणजे थंडीत — सात महिने झाले की काय? दुकानातून सुटका होत नाही हो. आणि खरं सांगू, ती खोली, ती चादर, तो मलमाचा वास — दहा मिनिटांत मळमळतं मला, माझ्याच आईजवळ, आहेच मी तशी. पण मी तिच्या बोटाला हात नाही लावला! या सुईवरच्या घाणीपेक्षा तुमची किळस येतेय मला आत्ता. दादाला फोन लावू? लावतेच. बोला ना!

“आईंचे हात आता गुडघ्यापर्यंत पोचत नाहीत. मलम मी लावते, दिवसातून दोनदा. माझ्या बोटातली अंगठी काढायची राहून जाते. कानातल्यांचा पुढचा ट्रे काढा, वन्सं — आधी हात धुवा.”