ओल्या हाताचा रोध

मनवेलपाड्याच्या बसथांब्यावर सुरुचीच्या पुढे एक बाप आणि पूर्वी नावाची त्याची दहावीतली मुलगी उदाहरणं सोडवत उभे होते.

"दोनशे तीस व्होल्ट. कोरडा हात, एक लाख ओहम?"

"अडीच मिलिअँपिअरसुद्धा नाही. नुसत्या मुंग्या."

"ओला हात, एक हजार?"

"दोनशे तीस!"

"एकक कोण लिहिणार, तुझी आत्या?"

"मिलिअँपिअर. माणूस मरतो, बाबा... पाण्याच्या मोटरचं बटण दाबताना आईला मुंग्या येतात ना?"

"चप्पल घाल म्हटलंय तिला."

"बटण देवघरात आहे. तिथे ती चप्पल घालेल? आणि आता पाणी भरायची वेळ झाली."

"फोन लाव."

"उचलत नाहीये."

सुरुची पुढे झाली.

"शेजाऱ्यांना लावा. आधी मेन स्विच बंद करा म्हणावं. त्या पडलेल्या दिसल्या, तरी त्याआधी कुणी हात लावायचा नाही."