पेवात आधी कंदील

माझं माहेर मुदखेडच्या बाजूचं, घर बौद्धवाड्यात, बाप मजुरीला जायचा. त्या वक्ताला बड्या शेतकऱ्यांकडं जमिनीत पेव असायचं, ज्वारी भरायची आन वरून माती लिंपायची, आन ते उघडलं की आत पयलं उतरवायचं कुणाला, तर आमच्या बापाला. कोंडल्या हवेनं माणूस जागीच जातंय बघा. बाप म्हणायचा, आधी कंदील सोडा, तो जळत ऱ्हायला तरच उतरतो. शेतकरी चिडायचा, बाप काय हटायचा न्हाई. तवापासून साठवलेल्या कोणत्याच चीजेवर माझा भरवसा न्हाई.

लग्न होऊन जळकोटला आले. आमचे हे लातूरला डाळमिलात पोती उचलायचे, त्या धुळीनं छाती गेली. आता नाकाला नळी हाय, आन हवेची मशीन लाईटवर. लाईट तर आमच्याकडं आली तर आली. म्हणून नांदेडला मास्तर हाय त्या पोरानं छतावर सोलरच्या प्लेटा बसवल्या, खोलीत बॅटरी. आई, दिवसाचं ऊन यात साठतंय म्हणला. काय सांगू तुम्हाला, मला तर ते पेवच दिसलं. बसवणारा लई गोड बोलत होता, आन गोड बोलणाऱ्याचा मला जास्तच संशय.

मग मी रोज अडीनडीचा, दोन तास पुरणारा ऑक्सिजनचा सिलेंडर हाताशी ठिवून मेन बटन पाडायचे आन बघत बसायचे. मशीन चालूच. पोरगा फोनवर करवादला, आई, रोज काय तपासून राहिलीस? म्हणलं, कंदील सोडून राहिले.

श्रावणात झड लागली. ऊन न्हाई, लाईट बी गेली. बॅटरीत किती उरलंय ते दावणारे चार दिवे, त्यातले दोन उरले. तेवढ्यात शेजारची शांता मोबाईल घिऊन आली, आक्का, लेक बाळंतपणाला दवाखान्यात हाय, थोडं चार्जिंग करू द्या. मी तोंडावर न्हाई म्हणलं. ह्यांच्यापुढं मला कुणाचीच लेक दिसंना. तर ह्यांनीच नळी बाजूला केली, एकेक शब्द ओढत म्हणले, लाव तिचा फोन, माझ्या एकट्याचं न्हाई ते ऊन.

लावला. एक डोळा दिव्यावर, एक ह्यांच्यावर. अजून एक दिवा गेला, मग लाईट आली. शांताची नात आता आमच्या दारात रांगती.

लोक म्हणतात, आक्का, आता तरी बसला का भरवसा? बॅटरी चांगली हाय, न्हाई कशी म्हणू. पण सिलेंडर दाराआड हायच, आन दुपारी डोळा लागला तरी हात माझा ह्यांच्या छातीवर. हात वर-खाली झाला की मनात म्हणते, जळून राहिला कंदील. मंगल होवो सगळ्यांचं.