शिक्क्याशिवाय डबा

म्योंग-ही : आजी, दार जरा उघडा ना. अन्नपेढीतून आलेय. डबा आणलाय.

बुन-ई आजी : एवढी फट पुरे. तिथूनच बोल.

म्योंग-ही : मागच्या मंगळवारचा डबा अजून इथंच पडलाय.

बुन-ई आजी : मांजरालासुद्धा दिला नाही मी तो.

म्योंग-ही : मग आठवडाभर खाल्लंत काय? आवाज बघा किती खोल गेलाय.

बुन-ई आजी : माझ्या पोटाची चौकशी कशाला? मुद्द्यावर ये. कागद आणलायस ना?

म्योंग-ही : आणलाय. डबा मिळाला म्हणून सहीच्या जागी तुमच्या नावाचा शिक्का लागतो. बाकी काही नाही.

बुन-ई आजी : बघ, आलीस शेवटी शिक्क्यावर. शेजारच्या ओक-बुनकडेही असाच एक गोडबोल्या आला होता. तांदळाचं पोतं खांद्यावर. म्हणाला, पोच म्हणून शिक्का मारा. तो कागद निघाला बिल्डरला घर पाडू द्यायच्या संमतीचा. आता ती बुसान शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकीच्या सोफ्यावर झोपते.

म्योंग-ही : मी त्या बिल्डरची माणूस नाही हो. हे ओळखपत्र बघा.

बुन-ई आजी : त्याच्याकडेही होतं. त्याच्यावरचा फोटो तुझ्याहून बरा होता. तू कुठली?

म्योंग-ही : नदीकाठची. हादानची. आई तिसऱ्यांचं, शिंपल्यांचं सार विकायची, पहाटे डोक्यावर हंडा घेऊन.

बुन-ई आजी : हं. इथं सगळ्यांच्याच आया सार विकत होत्या म्हणे. कशी ओरडायची मग? ओरडून दाखव.

म्योंग-ही : ती ओरडायचीच नाही. लाज वाटायची तिला. मी पुढं चालत ओरडायचे.

बुन-ई आजी : ...आणि घरी काय खायचात?

म्योंग-ही : हंड्याच्या तळाशी बसलेले शिंपले गिऱ्हाइकाला. आम्हाला वरचं पाणी, त्यात भात.

बुन-ई आजी : हे मात्र पाठ करून सांगता येत नाही. पण मग चांगल्या पगाराची नोकरी बघायची सोडून हे डबे का वाहतेस?

म्योंग-ही : शाळेत गरिबांच्या पोरांना मक्याचा पाव मिळायचा. बाई नाव पुकारायच्या, सगळ्या वर्गासमोर जाऊन सही करायची. एक दिवस माझं नाव आलं आणि मी जागची हललेच नाही. पाव दुसऱ्या मुलीला गेला. तेव्हाच ठरवलं, आपल्या हातून कुणाला असं उभं करायचं नाही.

बुन-ई आजी : मग आता माझ्याकडं शिक्का का मागतेस?

(म्योंग-ही हातातल्या कागदाची घडी घालते.)

म्योंग-ही : खरंय तुमचं. इतकी वर्षं हे कागद घेऊन फिरतेय, पण कधी सुचलं नाही.

बुन-ई आजी : आता गोड बोलू नकोस. शिक्का नाही दिला तर काय होतं?

म्योंग-ही : तुमचं नाव यादीतून जातं. आज शेवटचा दिवस. पण राहू द्या. मी माझ्याच नावानं लिहिते, घरी जाऊन हातात दिला म्हणून. बघा, हा कागद पिशवीत टाकला.

बुन-ई आजी : आणि तुझ्या साहेबांनी विचारलं तर?

म्योंग-ही : खरं ते सांगेन. फार तर मला काढतील. तुमचं घर तर नाही जाणार.

बुन-ई आजी : ...डब्यात काय आहे?

म्योंग-ही : भात, मुळा घालून शिजवलेला बांगडा, अंड्याची गुंडाळी. गरम आहे अजून.

बुन-ई आजी : आधी तू खा. माझ्यासमोर.

म्योंग-ही : आम्हाला त्यातलं खायची परवानगी नाही आजी.

बुन-ई आजी : शिक्क्याशिवाय द्यायची होती का?

म्योंग-ही : नव्हती.

बुन-ई आजी : मग बस. चमचे दोन आहेत माझ्याकडं. आणि हे बघ, यानं तू माझी कुणी झाली नाहीस.

म्योंग-ही : नाही झाले.

बुन-ई आजी : साखळी काढते. चपला आत घेऊन ये. बाहेर दिसल्या तर लोक म्हणतील, म्हातारीनं दार उघडलं.