टँकर मागायला आलेले साहेब

अरे, लातूर नवा जिल्हा झाला, तवाच्या दुष्काळातलं आमच्या कलेक्टर ऑफिसचं ऐका! नव्या साहेबांनी तासभर भाषण केलं, "आपल्याला लोकाभिमुख व्हायचंय." कुणालाच काही कळंना. मग म्हणाले, "करूनच दाखवतो. बिराजदार, तुम्ही क्लार्क, तुमच्या खुर्चीतच बसा. मी रेणापूरचा गावकरी."

अन् हात जोडून उभे राहिले. "रावसाहेब, पाण्याचा टँकर पाहिजे."

बिराजदारनं मान वर केली न्हाई. "जुन्या जिल्ह्याला जा."

"त्यांनीच इकडं पाठवलंय."

"साहेब दौऱ्यावर हायत. उद्या या."

आम्ही तोंडात रुमाल कोंबले. साहेब लालबुंद. "अहो, हे 'उद्या या'च तर आपल्याला बंद करायचंय!"

"करू की बंद," बिराजदार म्हणाला. "उद्या या."