नऊ वर्षांच्या मुलीने आणलेलं पुस्तक

१९८६ साल. इंग्लंडमधल्या श्रूजबरीत दातांच्या डॉक्टरकडे मी लेकीला मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत होते. शेजारी एक मावशी आणि कॉलेजात टायपिस्ट असलेली त्यांची भाची मराठीत बोलत होत्या.

"तुझे ते रुमानियाचे सर कवी आहेत? मला वाटलं, शिकवतात."

"शिकवतात, समीक्षाही लिहितात, पण मूळचे कवीच. तिकडे सरकारने पुस्तकं बंद केली, म्हणून इकडे आले. वह्या आईकडे राहिल्या."

"मग पोस्टाने मागवायच्या."

"मावशी, तिथून कागदाचा कपटा बाहेर येऊ देत नाहीत. सरांची मुलगी तिथेच आजीकडे होती. आजीने तिच्याकडून सगळ्या कविता पाठ करून घेतल्या. एकेचाळीस. वह्या जाळल्या आणि तिला सरांकडे धाडलं."

"केवढी आहे पोरगी?"

"नऊ वर्षांची."

लेकीच्या हातातला खुळखुळा मी हळूच काढून घेतला.

"शाळेतून आली की रोज एक म्हणते, सर लिहून घेतात, मी टाइप करते. अर्थ एका शब्दाचा कळत नाही मला."

"बाई गं. आमचा विक्रम शुभंकरोती अर्ध्यात सोडतो."

"चाळीस झाल्या. शेवटची सांगतच नाही."

"विसरली असेल. इंग्लिश शाळा ना."

"सरही तेच समजून घाबरले होते. काल म्हणाली, येते मला. पण ही दिली, तर आजीचं माझ्याकडे काहीच उरणार नाही."

"मग पुस्तक अडलं?"

"नाही. सरांनी प्रकाशकाला पत्र टाइप करायला सांगितलं. चाळीसच छापा, एकेचाळिसावी तिची आहे."