जयरामचं संक्रमण

...आणि एवढं डोकं खाजवून शब्द कुठला काढला माणसानं? तर संक्रमण! अहो, तुम्हाला सांगतो, एक शब्द, एकच शब्द, आणि अख्खं लालमती गाव चार दिवस दंड चोळत बसलं!

जयराम तसा वाईट नाही हो. व्हाकोआला सरकारी कचेरीत कारकून. सदुसष्ट साल, आमच्या या बेटावरून इंग्रज जायच्या तयारीत, लोक धास्तावलेले... म्हणून लालमतीच्या मराठी मंडळींनी मोठ्या मानानं बोलावलं, या, चार धीराचे शब्द सांगा! पण घरातले शब्द चालले तर तो जयराम कसला? पुण्याहून बोटीनं मागवलेला शब्दकोश मांडीवर घेऊन बसला. 'स्थित्यंतर' म्हणून बघितलं, जिभेला गाठ पडली. 'मार्गक्रमण' म्हटलं, तर बायको, चंद्रिका, विचारते, "रस्ता बांधताय का?" ती बिचारी सांगत होती, "अहो, इथल्या क्रिओल बोलीत 'शांझमाँ' म्हणा, नाहीतर सरळ 'बदल' म्हणा, शेंबड्या पोरालाही कळेल." हा म्हणतो, "शेंबड्या पोरांसाठी भाषण करतो होय मी?"

एक शब्द हो, एकच शब्द!

सभा भरली. कोटातला जयराम घाम पुसत गरजला, "बंधुभगिनींनो, देशात संक्रमण सुरू झालं आहे! ते घराघरात शिरणार! यातून कोणीही सुटणार नाही!"

टाळ्या? कसल्या टाळ्या! पुढ्यात बसलेला तुलसीराम, दवाखान्यात औषधं देणारा, हिंदीच्या परीक्षा दिलेला... आणि हिंदीत संक्रमण म्हणजे रोगाची लागण! ताडकन उठला, "कुठल्या गावात?" जयरामला वाटलं, वा, श्रोता रंगलाय! "सगळ्या गावांत! या बैठकीतसुद्धा!"

"आयो!" म्हणत जयरामच्याच विद्यावती मावशीनं नातीच्या तोंडावर पदर दाबला, बाकडी उलटली, कोणी ओरडतंय "की मालादी? कसला आजार?", कोणी पोरं काखेत मारून पळतंय... आणि तुलसीराम सायकलवर टांग टाकून थेट सरकारी डॉक्टरकडे!

दुसऱ्या दिवशी सकाळी लिचीच्या झाडाखाली टेबल, दोन नर्सा, सुया उकळताहेत, गाव रांगेत. आजार कुठला, ते कुणालाच ठाऊक नाही! डॉक्टर म्हणे, देवीची लस टोचा, वाया तर जाणार नाही. एक शब्द हो, एकच शब्द! मावशीच्या घरी मुक्कामाला राहिलेल्या जयरामला धरून आणलं. डॉक्टर विचारतात, "साथ पहिल्यांदा तुम्ही ओळखलीत म्हणे?"

आता सांगायचं ना! साहेब, तो शब्द होता, आजार नव्हे... तोंड उघडलंसुद्धा त्यानं. तेवढ्यात रांगेतून मावशी, "आमचा जयराम शिकलेला हाय, डागतर. तेला आदी कळलं म्हून आमी वाचलो. परवापत्तुर मी तेला येडा समजत हुते." आणि सगळी रांग मान डोलावते! एवढ्या वर्षांत या गावानं त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं हो...

जयरामनं तोंड मिटलं. कोट काढला, बाही वर केली, पहिली सुई त्यालाच.

व्हाकोआला परतला तो फणफणत. चंद्रिका कपाळावर ओली घडी ठेवत म्हणाली, "अहो, एवढं सगळं बघून खरं का नाही सांगितलंत?"

तो कण्हत म्हणाला, "अगं, वीस वर्षं भाषणं करतोय. लोकांवर परिणाम झाला तो पहिल्यांदाच."